कधी चालते, कधी पडते

“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे वाक्य आता खेड्यापाड्यांत इतके रुळले आहे की ते कोणी पूर्ण ऐकूनही घेत नाही. सातबारा काढावयास आलेला शेतकरी असो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी असो, की शाळेची माहिती भरावयास बसलेले गुरुजी असोत, मंडळी निमूटपणे कागदांची पिशवी काखेत मारतात आणि परत फिरतात. कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसाचा त्यात एक दिवस जातो, मजुरी बुडते, आणि एस.टी.चे भाडे जाते ते वेगळेच.

पण या एका वाक्याखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे तार तुटली, वीज गेली, यंत्र जळाले. अशा वेळी कोणाचेच काम होत नाही आणि दोष कुठे आहे हे शोधणेही फारसे कठीण नसते. दुसरा प्रकार मात्र मोठा चमत्कारिक. पुढच्या माणसाचे पान उघडते, तुमचे पांढरे फटक येते. तुम्ही पुन्हा कळ दाबता आणि या खेपेस ते बिनतक्रार उघडते! विहिरीवरचा पंप ज्यांनी चालविला आहे त्यांना ही जात ठाऊक असेल. रात्रभर तीनदा बंद पडलेला पंप सकाळी मिस्त्री आला की असा चालतो, जणू काही झालेच नव्हते. मिस्त्री म्हणतो, “पंप तर बरा आहे, भाऊ.” आणि आपण वेड्यासारखे पाहत राहतो.

अशा दोषाला आपण ‘यंत्राची लहर’ म्हणतो. यंत्राला लहर नसते. मग ही लहर कशाची? गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ज्यांनी ज्यांनी तिचा माग काढला, त्यांची हकीकत मी आज सांगणार आहे. त्यातही विशेष करून पीएचपी नावाच्या एका संगणक-भाषेची. इंटरनेटवरची असंख्य पाने ही भाषा तयार करते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला आपला मराठी विकिपीडियासुद्धा पीएचपीत लिहिलेल्या आज्ञावलीवरच चालतो.

प्रथम थोडे मागे जाऊ. जुन्या रेडिओच्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील. आरंभीचे संगणक याच व्हॉल्व्हांवर चालत. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्यात असे सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. आता व्हॉल्व्हची खोड अशी की, तो एकदम मरत नाही. आधी अशक्त होतो. अशक्त झाला की दहा वेळा बरोबर वागतो आणि अकराव्या वेळी चुकतो. हजारो व्हॉल्व्हांतून असा एक हुडकावयाचा कसा?

अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत व्हर्लविंड नावाचा संगणक बांधणाऱ्या जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला एक नामी तोड काढली. रोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्राच्या निरनिराळ्या भागांचा विद्युतदाब ते मुद्दाम कमीजास्त करीत. धडधाकट व्हॉल्व्ह तो ताण सोसत. जे आठ-पंधरा दिवसांनी दगा देणार होते, ते तिथल्या तिथे उघडे पडत. दोष येण्याची वाट पाहावयाची नाही, त्याला आपल्या वेळेला बोलावून घ्यावयाचे! ही युक्ती लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो, कारण शाळांतून तो हटकून सांगितला जातो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट खरी आहे. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची चाल त्या पतंगामुळे पडली, हे मात्र खरे नव्हे. थॉमस एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. असो.

व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, यंत्रे भरवशाची झाली. दोष मात्र नाहीसे झाले नाहीत. ते यंत्रातून निघून आज्ञावलीत, म्हणजे यंत्राला दिलेल्या लेखी हुकमांत, जाऊन बसले. १९८५ साली टँडेम कंपनीतील जिम ग्रे यांनी अशा दोषांच्या दोन जाती सांगितल्या आणि त्यांना दोन पदार्थवैज्ञानिकांची नावे जोडली. नील्स बोर यांच्या नावाची जात ती, जी हमखास पुन्हा दिसते. दुसरी वेर्नर हायझेनबर्ग यांच्या नावाची. ती पाहावयास गेले की नाहीशी होते. ग्रे यांचे निरीक्षण असे की, गिऱ्हाइकांच्या हाती पडलेल्या यंत्रांत उरतात ते बहुतेक या दुसऱ्या जातीचे दोष. पहिल्या जातीचे आधीच सापडून दुरुस्त झालेले असतात. म्हणून तर यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ते चालू लागते. आपल्याकडे टीव्हीला थाप मारतात, तसलाच हा प्रकार.

आता पीएचपीकडे वळू. ग्रीनलंडात जन्मलेल्या आणि कॅनडात शिकलेल्या रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी १९९४ साली स्वतःचे माहितीपत्रक इंटरनेटवर ठेवले. ते कोण पाहून जाते याची नोंद ठेवण्यासाठी त्यांनी काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या आणि ८ जून १९९५ रोजी त्या सर्वांना खुल्या केल्या. एवढेच तिचे बीज. पुढे इस्राएलमधील हैफा शहरी तंत्रविद्या-संस्थेत शिकणाऱ्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला. १९९८ साली तिसरी आवृत्ती निघाली, २२ मे २००० रोजी चौथी. घरच्या वापरासाठी बांधलेल्या झोपडीवर माडीवर माडी चढावी, तशी ही भाषा वाढली. आराखडा आधी आणि बांधकाम मागून, असे तिच्या बाबतीत घडलेच नाही. तिच्या पुढच्या दुखण्यांचे मूळ मला इथे दिसते. पण झोपडी होती म्हणूनच गरिबाला त्यात शिरता आले, हेही सांगितले पाहिजे.

या भाषेत तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीपासून ‘ऑब्जेक्ट’ आले. आपण त्याला ‘वस्तू’ म्हणू. ही कल्पना नॉर्वेची. ओस्लो येथे उले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा रचली ती खऱ्या जगातील व्यवहारांची नक्कल संगणकात उभी करण्यासाठी. त्यांनी विचार केला की, माहिती एकीकडे आणि तिच्यावर करावयाची कामे दुसरीकडे, अशी फाटाफूट कशाला? दोन्ही एका गाठोड्यात बांधू. उदाहरणार्थ, ‘शेतकरी’ ही वस्तू. तिच्यात नाव, गाव, गट क्रमांक असेल, आणि ‘तुझा सातबारा दाखव’ असे म्हटले की तो दाखविण्याची रीतही तिच्यातच असेल.

कल्पना झकास. परंतु पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत एक खोच होती. एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी दिली की, यंत्र तिची नक्कल काढून देई. तलाठ्याच्या दप्तरातून तुम्ही उताऱ्याची नक्कल आणली आणि तिच्यावर पेनने दुरुस्ती केली, तर मूळ दप्तर थोडेच बदलते? अगदी तसेच होई. आज्ञावली लिहिणाऱ्याला वाटे मी नाव बदलले, आणि मूळ वस्तूत जुनेच नाव! यावर उपाय म्हणून ‘नक्कल नको, मूळच दे’ असे सांगणारे एक चिन्ह होते. लोक ते चिन्ह जिथे तिथे टाकू लागले, गरज असो वा नसो. आणि इथेच खरे विघ्न सुरू झाले.

ते समजण्यासाठी एक हिशेब समजून घ्यावा लागेल. गावच्या देवस्थानाची पंगतीची भांडी असतात ना, गंज, पराती, घंगाळी? लग्नकार्याला जो नेतो त्याच्या नावाची एक खूण वहीत होते. परत आणले की खूण खोडली जाते. एका गंजावर एकही खूण उरली नाही की तो मोकळा, दुसऱ्याला द्यावयास हरकत नाही. संगणकाची स्मरणजागा अशीच मर्यादित असते. तेव्हा पीएचपी प्रत्येक वस्तूमागे एक आकडा ठेवते: या वस्तूला सध्या किती जणांनी धरून ठेवले आहे? आकडा शून्य झाला की ती जागा मोकळी. ही मोजणीची पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली होती.

आता समजा, वहीत खूण न करता कोणी गंज नेला. वही म्हणते, शून्य. पुजारी तोच गंज दुसऱ्या घरी देण्याचे कबूल करतो. एका चुलीवर वरण शिजते आहे आणि तेवढ्यात दुसऱ्या घरचे लोक येऊन त्यातच खिरीचे दूध ओततात! संगणकातही हेच घडते. एका वस्तूची जागा मोकळी समजून तिथे दुसरीच माहिती लिहिली जाते. पहिली वस्तू धरून बसलेल्याला याची वार्ताही नसते. तो हात घालतो आणि भलतेच काही हाती येते. कधी ते मजकुराच्या जागी आकडा असते. कधी तर आपल्या हद्दीबाहेरच्या जागेचा पत्ता असतो, आणि तिथे पाऊल टाकताच संगणकाची मूळ व्यवस्था त्या कामाला जागच्या जागी ठार करते. सर्व्हरच्या नोंदवहीत मग एक ओळ उमटते: ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. आणि आपल्याला दिसते पांढरे पान.

पण मग हे रोज का नाही घडत? इथे गंमत आहे. पहिले म्हणजे, मोकळी समजलेली जागा लगेच दुसऱ्याला दिली जातेच असे नाही. त्या दिवशी गावात दुसरे लग्न नसले तर चुकलेली वही कोणाच्या लक्षातही येत नाही. जुनी माहिती तिथेच पडून असते, काम सुरळीत पार पडते. जिथे चूक होते आणि जिथे ती फुटते, त्या दोन जागांत वेळेचे आणि ठिकाणाचे अंतर असते. फुटली त्या ओळीकडे पाहून काही कळत नाही. ती बिचारी निर्दोष असते.

दुसरे कारण सर्व्हरच्या कारभारात आहे. १९९५ पासून चालत आलेल्या अपाचे या सर्व्हरची जुनी रीत अशी की, एक मालक आणि त्याच्या हाताखाली अनेक गडी. तुमची मागणी आली की मोकळा असेल तो गडी ती घेतो. एखादा गडी कोसळला तर मालक नवा गडी उभा करतो. बाकीच्यांची कामे चालूच. म्हणजे पांढरे पान येते ते एकट्या तुम्हालाच, शेजारच्याला नाही. पुन्हा कळ दाबली की दुसरा गडी भेटतो आणि काम होते! शिवाय दिवसभर राबलेल्या गड्याच्या अंगात किती जुना पसारा साठला आहे, हे तुमच्या आधी कोणाकोणाची कामे त्याने केली यावर अवलंबून. अपाचेमध्ये एक सोय आहे: अमुक इतक्या मागण्या पुऱ्या झाल्या की गड्याला रजा देऊन नवा घ्यावयाचा. पुष्कळ व्यवस्थापक हा आकडा लहान ठेवून सुटकेचा नि:श्वास टाकीत. मला ही युक्ती फारशी पसंत नाही. ती दोष काढीत नाही, नुसता पसारा वाढण्याआधी झाडू मारते. पण ज्याला सकाळी शेकडो लोकांना उत्तर द्यावयाचे आहे, त्याच्या जागी बसल्याखेरीज बोलू नये हेही खरे.

मोजणीच्या आकड्याचीही एक मौज सांगतो. चौथ्या आवृत्तीत हा आकडा सोळा द्विमान घरांत लिहिलेला असे. सोळा घरांत मावणारी मोठ्यात मोठी संख्या ६५,५३५. पुढची एक मिळविली की मोटारसायकलच्या मीटरप्रमाणे तो पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे एका वस्तूला ६५,५३६ जणांनी धरले की वही म्हणणार, कोणीच धरलेले नाही! मार्च २००७ मध्ये स्टेफान एसर या जर्मन संशोधकाने महिनाभर पीएचपीतील दोष जाहीर करण्याचा उपक्रम केला, त्याचा आरंभ याच दोषाने झाला. पाचव्या आवृत्तीत ही घरे बत्तीस झाली होती.

आता २००५ सालाकडे. चौथी आवृत्ती निघून पाच वर्षे झाली होती. या काळात जगभरचे लोक तक्रार करीत होते की, आमच्या वस्तू मध्येच रूप बदलतात. होती ‘गिऱ्हाईक’, झाली ‘पावती’. कधी मजकुराचा आकडा होतो, कधी सर्व्हर कोसळतो. अशा तक्रारी ज्याच्याकडे जातात त्याची पहिली भावना काय असते, हे तुम्हीही जाणता: “तुमच्याच लिहिण्यात चूक असेल.” आणि खरेच, पुष्कळांच्या लिहिण्यात चूक होतीही, नको तिथे ते ‘मूळच दे’चे चिन्ह टाकत. पण लिहिणाऱ्याने चुकीचे लिहिले तर भाषेने त्याला तसे सांगावे. मुकाट्याने वही बिघडवू नये.

शोध कसा लागला त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. हजारो ओळींच्या आज्ञावलीतून एकेक तुकडा काढून टाकावयाचा आणि पाहावयाचे, अजून कोसळते का? कोसळले तर काढलेला तुकडा निर्दोष. थांबले तर तो परत घालावयाचा. असे चाळत चाळत दहा-वीस ओळी उरतात, ज्या हमखास कोसळतात. दाण्यातले खडे निवडावे तसे हे काम, कंटाळवाणे, पण याला पर्याय नाही. पीएचपीच्या दोषनोंदीच्या पानावर तक्रार करणाऱ्याकडे असाच छोटा नमुना मागतात. त्याच्या जोडीला मागतात कोसळण्याच्या क्षणी कोणते काम कोणाच्या सांगण्यावरून चालले होते त्याची उतरंड.

आणि तिसरे साधन म्हणजे व्हॅलग्रिंड. ज्युलियन सेवर्ड यांनी केलेली ही आज्ञावली २००२ साली सर्वांना खुली झाली. ती दुसऱ्या आज्ञावलीला आपल्या देखरेखीखाली चालविते आणि स्मरणजागेतील प्रत्येक घरावर लक्ष ठेवते. परत केलेल्या भांड्यात कोणी हात घातला की तिथल्या तिथे ओरडते. भांडे दुसऱ्याला जाण्याची वाट पाहत नाही. काम वीस-तीस पट सावकाश चालते, हा तिचा तोटा. पण बघा, व्हर्लविंडवाल्यांची ती जुनी युक्तीच ही! पीएचपी स्वतःची स्मरणजागा स्वतःच वाटते, त्यामुळे व्हॅलग्रिंडला आतले काही दिसत नसे. म्हणून पीएचपीची ती वाटणी तपासापुरती बंद ठेवण्याचीही सोय पुढे करण्यात आली.

११ जुलै २००५ रोजी पीएचपी ४.४.० बाहेर पडली. तिच्या घोषणेत पीएचपीच्या कार्यकर्त्यांनी साफ सांगितले की, ‘मूळच दे’चे चिन्ह चुकीच्या रीतीने वापरले तर स्मरणजागा बिघडत असे, ते बिघडणे दर वेळी वर दिसत नसे, आणि वस्तू अचानक जात बदलीत ती त्यामुळेच. ज्यांना पाच वर्षे ‘तुमचीच चूक’ हे ऐकावे लागले होते, त्यांना हे वाचून काय वाटले असेल! दुरुस्ती इतकी खोल होती की जुने जोडभाग नव्या आवृत्तीशी जुळेनात, ते पुन्हा बांधावे लागले. आणि आता चुकीचे लिहिले की भाषा तसे बजावू लागली. परिणाम असा की, काल बरी दिसणारी कित्येक पाने आज सूचनांनी भरून गेली आणि लोक नव्या आवृत्तीवरच चिडले. ताप मोजला म्हणून थर्मामीटरवर रागावण्यातला हा प्रकार.

दरम्यान १३ जुलै २००४ रोजी पाचवी आवृत्ती आली होती. तिने नकलेची भानगडच मिटविली. वस्तू दिली म्हणजे तिचा पत्ता दिला, नक्कल नव्हे. एक दुखणे मात्र उरले. दोन वस्तूंनी एकमेकींनाच धरून ठेवले तर? सीताबाईंचा गंज वहीत रमाबाईंच्या नावे, रमाबाईंची परात सीताबाईंच्या नावे, आणि दोघीही गाव सोडून गेल्या! खुणा कायम, भांडी अडकलेली. हळूहळू सारी स्मरणजागा भरून जाते आणि काम कोलमडते, तेही काही तासांनी. हा दोष हॅरॉल्ड मॅक्‌बेथ यांनी १९६३ सालीच दाखवून दिला होता. पीएचपीत त्यावर उपाय आला ३० जून २००९ रोजी, ५.३ या आवृत्तीत. शेहेचाळीस वर्षे! ज्ञान छापून आले म्हणजे ते पोहोचले असे होत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

एवढे सगळे परदेशचे झाले. आता आपल्या अक्षरांचे ऐका.

इंग्रजी ‘ए’ हे अक्षर संगणकात एका घरात मावते. या घराला बाइट म्हणतात. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हेच. आणि पीएचपीची मजकूर कापण्याची जुनी साधी रीत अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. आता समजा, नागपूर जिल्ह्यासाठी कोणी अर्जाची आज्ञावली लिहिली आणि तालुक्याच्या नावाला वीस बाइटांची मर्यादा घातली. ‘नागपूर’ या नावात सहा चिन्हे, अठरा बाइट, बरोबर बसले. काटोल पंधरा, सावनेर अठरा, रामटेक अठरा, उमरेड पंधरा. सारे ठीक. लिहिणाऱ्याने चार नावे घालून पाहिली आणि काम झाले म्हणून कळविले. मग येतो आपला ‘कळमेश्वर’. क, ळ, म, मात्रा, श, हलन्त, व, र अशी आठ चिन्हे, चोवीस बाइट. विसाव्या बाइटला कापले की सहा चिन्हे शाबूत राहतात आणि ‘व’ या अक्षराचा तिसरा तुकडा तुटून पडतो. गुरुजींनी मुलांकडून जिल्ह्यातील सगळ्या तालुक्यांची नावे अशी मोजून घ्यावीत: कळमेश्वर, पारशिवनी आणि भिवापूर ही नावे अडकतात.

तुटक्या अक्षराचे पुढे काय होते? २०१२ साली आलेल्या ५.४ आवृत्तीपासून पीएचपी मजकूर पानावर दाखविण्यापूर्वी तपासू लागली, आणि त्यात तुटके अक्षर दिसले तर २०२१ सालापर्यंत ती सबंध मजकूरच रिकामा करून देत असे. दुसऱ्या यंत्राकडे पाठविण्यासाठी माहितीची मोट बांधताना तुटके अक्षर आले तर मोटच बांधली जात नाही. पलीकडचे यंत्र म्हणते, मला तर काहीच मिळाले नाही. आणि त्या ‘काहीच नाही’ला जेव्हा आज्ञावली सांगते, ‘तुझा सातबारा दाखव’, तेव्हा काम तिथेच मरते. ‘काहीच नाही’ हे दाखविणारा रिकामा पत्ता टोनी होअर यांनी १९६५ साली एका भाषेत घातला होता. २००९ साली त्यांनीच त्याला आपली अब्जावधी डॉलरांची चूक म्हटले. बाहेरून मात्र दिसते एवढेच: कालच्या पन्नास लोकांचे अर्ज गेले, आजच्या दोघांचे गेले नाहीत. लहर!

उपाय आहे, अक्षरे मोजून कापणारी निराळी साधने पीएचपीत आहेत. ती न मागता आपोआप मिळावीत म्हणून २००५ पासून सहावी आवृत्ती लिहावयास घेतली होती. २०१० साली तो बेत सोडून देण्यात आला, आणि २०१५ साली निघालेल्या आवृत्तीला एकदम सातवा क्रमांक मिळाला.

अक्षरांमुळे कोसळण्याचे आणखी एक प्रकरण फेब्रुवारी २०१८ मधले. आयफोनवर एक तेलुगू जोडाक्षर आले की संदेशाची आज्ञावली बंद पडे. वर्तमानपत्रांनी ‘एका तेलुगू अक्षराने फोन पाडला’ म्हणून मजा केली. पण शोध घेणाऱ्यांनी नेमकी अट काढली: व्यंजन, हलन्त, दुसरे व्यंजन, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोड तोडणारे चिन्ह, आणि शेवटी स्वरचिन्ह. या साच्यात तेलुगूच नव्हे, बंगाली अक्षरेही बसत होती, आणि आपला देवनागरीतला ‘र’ ज्यात खाली जोडला जातो ती अक्षरेही. अट कळली आणि अक्षराचा चमत्कार संपला. १९ फेब्रुवारीला दुरुस्ती आली.

तुम्ही म्हणाल, पान उघडले नाही तर एक दिवस जाईल, त्यात एवढे काय? मग थेरॅक-२५चे ऐका. इंटरनेटशी याचा संबंध नाही, पण दोषाची जात हीच. कर्करोगावर किरण सोडणारे हे संगणकी यंत्र कॅनडात तयार झालेले. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयात एक रुग्ण भाजला. पडद्यावर फक्त ‘बिघाड ५४’ असे उमटले. कंपनीचे लोक आले, तपासून गेले, त्यांना काहीच आढळले नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले. ११ एप्रिलला दुसरा रुग्ण, तोच ‘बिघाड ५४’. दोघेही पुढे दगावले.

या खेपेस रुग्णालयातील पदार्थवैज्ञानिक आणि यंत्र चालविणाऱ्या बाई, दोघेच यंत्रापुढे बसले. त्या दिवशी बोटे कशी चालली होती ते बाईंना आठवत होते. त्यांनी किरणांच्या प्रकाराचे चुकीचे अक्षर दाबले होते आणि झपाट्याने वर जाऊन ते दुरुस्त केले होते. पुन्हा पुन्हा करून पाहता अखेर ‘बिघाड ५४’ त्यांनी हुकमी आणून दाखविला. मर्म होते वेगात. यंत्राला आपले चुंबक बसविण्यास आठ सेकंद लागत. तेवढ्यात केलेली दुरुस्ती त्याच्या ध्यानातच येत नसे. तपासावयास आलेले लोक जपून, सावकाश अक्षरे दाबीत. त्यांना दोष दिसणार कसा? सरावाने हात बसलेल्या बाईंच्याच हातून तो उठे. कारखान्यातल्या तज्ज्ञांना जे सापडले नाही, ते खुर्चीवर बसून रोज काम करणाऱ्या बाईंच्या आठवणीने सापडले.

म्हणून अर्ज भरताना पान पांढरे आले तर नुसते ‘चालत नाही’ म्हणून उठू नये. पीएचपीच्या दोषनोंदीत तक्रार करणाऱ्याला चारच गोष्टी विचारीत: कोणती आवृत्ती, काय केले, काय व्हावयास हवे होते, आणि काय झाले. गावातल्या सेवा केंद्रात किंवा शाळेतल्या संगणकाजवळ अशाच चार रकान्यांची एक दोनशे पानी वही ठेवता येईल. भरलेला मजकूर जसाच्या तसा उतरावा, ऱ्हस्वदीर्घासकट. पडद्यावरचे शब्द इंग्रजी असले तरी अक्षर न् अक्षर लिहून घ्यावेत. आणि पाचवा रकाना वेळेचा असावा, ‘दुपारी’ असे नव्हे तर घड्याळ पाहून अकरा वाजून सतरा मिनिटे, असा. कारण पलीकडे सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक ओळ सेकंदासह लिहिलेली असते, आणि तुमच्या वहीतली वेळ मिळाली की तिथल्या हजारो ओळींतून नेमकी ती एक काढता येते.